प्लास्टिकपासून तेल : रिकाम्या शेडमध्ये हा धंदा लावावा का?

टॉवेलवाला
नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमची एक शेड रिकामी पडलीय. टेरी टॉवेलचे लूम होते, ते विकले, आता आत कबुतरं राहतात. मध्यंतरी परराज्यातला एक मशीनवाला धाकट्या भावाला भेटला. म्हणतो, वेस्ट प्लास्टिकपासून तेल काढायचा प्लांट लावा. पायरोलिसिस. शंभर किलो प्लास्टिकला शंभर लिटर तेल, कच्चा माल फुकट, निघणाऱ्या गॅसवरच भट्टी चालते, आणि तेल डायिंगवाले दारात येऊन नेतील. व्हिडिओत तर ते तेल टाकून मोटरसायकल चालवून दाखवलीय.
भाऊ पुरता भाळलाय. मला हिशोब जरा जास्तच गोड वाटतोय. इथं केमिकलवाले, बॉयलरवाले, भंगारवाले सगळेच आहेत म्हणून विचारतो : हे खरंच होतं का, आणि आपल्या सोलापुरात चालेल का? "सगळा फ्रॉड आहे" एवढंच लिहून जाऊ नका, कारण सांगा.

कडकभाकरी
"कच्चा माल फुकट" हे वाक्य ऐकलं की मी चप्पल शोधायला लागतो.

पार्कचौक
मोटरसायकल कुठली होती ते आधी सांगा. जुनी टू-स्ट्रोक असेल तर ती रॉकेलवरपण पळायची की ओ.

रसायनी
होतं. त्यात जादू नाही आणि फसवणूकही नाही, फसवणूक असते ती बोलण्यात.
पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलीन म्हणजे कार्बनच्या लांबलचक साखळ्या. हवा अजिबात लागू न देता बंद भांड्यात साधारण ३५० ते ५०० अंशांपर्यंत तापवलं की त्या तुटतात. हवा नाही म्हणून जळत नाही, फक्त तुटतं. अगदी लहान तुकडे गॅस म्हणून निघतात, मधले थंड केले की तेल होतात, लांब राहिलेले मेणासारखे थिजतात आणि भांड्याच्या तळाशी काळी भुकटी उरते. तिला इंग्रजीत चार (char) म्हणतात. झिओलाइटसारखा उत्प्रेरक वापरला तर मेण कमी आणि हलकं तेल जास्त मिळतं.
आता तुमच्या मशीनवाल्याचा आकडा. तो वजन किलोत सांगतो आणि तेल लिटरमध्ये. तेलाची घनता पाण्यापेक्षा कमी, ०.८ धरा. म्हणजे १०० लिटर तेल भरलं ८० किलो. स्वच्छ, कोरडं, निवडलेलं पॉलिथिन-पॉलिप्रॉपिलीन असेल तर ८० टक्के उतारा प्रयोगशाळेत मिळतोही. देहरादूनच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पेट्रोलियममध्ये गेल (GAIL) या सरकारी गॅस कंपनीच्या साथीनं २०१९ साली दिवसाला एक टनाचा प्लांट सुरू झाला, तिथला जाहीर आकडा होता टनाला ८०० लिटर डिझेल. संस्थेचा टनाला ८०० लिटर, तुमच्या माणसाचा टनाला १००० लिटर. काय समजायचं ते समजा.
आणि खरा प्रश्न मशीनचा नाहीच. पोत्यात काय आहे, हा आहे.

टॉवेलवाला
सर, पोत्यात काय म्हणजे? तो तर म्हणतो कुठलंही प्लास्टिक चालतं.

रसायनी
कुठलंही म्हणणाऱ्याला पीव्हीसीबद्दल विचारा. शुद्ध पीव्हीसीच्या वजनात ५७ टक्के क्लोरीन असतं. तापवलं की हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सुटतो. तो रिअॅक्टरचं पोलाद खातो, कंडेन्सर खातो, तेलात उतरला तर गिऱ्हाइकाचा बर्नरही खातो. पीईटी, म्हणजे पाण्याच्या बाटल्या, यांच्यात ऑक्सिजन असतो. त्यातून तेल जवळजवळ नाहीच, उलट घन आम्लं तयार होऊन पाइपात पांढरी जमतात आणि लाइन चोंदते. पोत्यात मूठभर पीव्हीसी गेलं तरी त्रास आहे.

पार्कचौक
मग संपलंच. सोलापुरात सगळ्यात मुबलक प्लास्टिक म्हणजे भाऊंच्या वाढदिवसाचे फ्लेक्स. सात रस्त्यापासून सुरू करा, डेपोपर्यंत कच्चा माल लटकलेला आहे.

रसायनी
हसू नका, अगदी बरोबर उदाहरण दिलंत. फ्लेक्स म्हणजे पॉलिस्टरच्या जाळीवर पीव्हीसीचा लेप. दोन्ही नको असलेल्या गोष्टी एकाच कापडात.

कडकभाकरी
भाऊ गेल्यावरही त्रास देणार म्हणजे.

उद्योजक_४१३००१
सुरू झालं का आपलं नेहमीचं? कुणी नवीन काही करायला निघालं की आधी शंभर अडचणी. वीस वर्षांपूर्वी नागपूरच्या प्रा. अलका झाडगावकरांनी हेच करून दाखवलं होतं, देशभर बातम्या आल्या होत्या. देहरादूनचं सरांनी सांगितलंच. पुण्याकडेही लोक घरातलं प्लास्टिक गोळा करून तेल काढतात. टॉवेलवाला, तुम्ही करा. चादरीचा धंदा तसाही कुठं राहिलाय?

टॉवेलवाला
चादरीचं दुखणं नका काढू, तो वेगळा धागा होईल.

भंगारशेठ
मी या लाइनमध्ये वडिलांपासून आहे. रसायनी सरांनी केमिस्ट्री सांगितली, मी बाजार सांगतो.
प्लास्टिक "फुकट" दिसतं कारण ते रस्त्यावर दिसतं. पण रस्त्यावरून उचलणाऱ्या बाईपासून माझ्या गोदामापर्यंत प्रत्येक हाताला पैसे द्यावे लागतात. आणि चांगला माल कधीच रस्त्यावर राहत नाही. दुधाची पिशवी, एचएमची (पातळ, कडक पॉलिथिनची) कॅरीबॅग, ठिबकची नळी, तुटकी बादली, सिमेंटचं रिकामं पोतं : या प्रत्येकाला भाव आहे. माल निवडून, धुऊन, ग्राइंडर नाहीतर अॅग्लोमधून (पातळ माल आवळून त्याचे गोळे करणारं मशीन) काढून त्याचा दाणा होतो. दाण्यातून परत नळ्या, टोपल्या, काळ्या पिशव्या. पाण्याची बाटली तर कचरावेचक दुसऱ्याला हातही लावू देत नाही.
म्हणजे बघा, तेलाला जो माल उत्तम तोच दाण्यालाही उत्तम, आणि दाणेवाला तुमच्यापेक्षा जास्त भाव देणार. दाणेवाला ज्याला नको म्हणतो ते काय उरतं? कुरकुऱ्याचं चकचकीत पाकीट, तेल-मसाला लागलेली पन्नी, मातीनं भरलेला मल्चिंग पेपर, फ्लेक्स. हे माझ्याकडून खरंच फुकट न्या, वर चहा पाजतो. पण ह्यातून तेल काढून दाखवा.
माझ्याकडे आजवर असे प्लांटवाले बरेच येऊन गेले. पहिल्या भेटीत सगळे "काहीही द्या" म्हणतात. दुसऱ्या भेटीत "फक्त एलडी आणि पीपी द्या", म्हणजे पिशवीचं पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन, असं म्हणतात. तिसऱ्यांदा येत नाहीत.

रसायनी
शेठ, दोन ओळींत अख्खं अर्थशास्त्र सांगितलंत. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

उद्योजक_४१३००१
शेठ, तुमचा माल दुसरीकडे जाईल म्हणून तर नाही ना सांगत? :)

भंगारशेठ
मला काय, जो जास्त देईल त्याला विकणार. तुम्ही द्या जास्त.

डाळिंबकर
मी सांगोल्याचा. मल्चिंगचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्याकडं टरबूज, मिरचीला २५ मायक्रॉनचा पेपर टाकतात. पीक निघालं की तो फाटत फाटत निघतो, निम्मा रानातच राहतो. जो निघतो त्याला एवढी माती चिकटलेली असते की पेपरचं वजन किती आणि मातीचं किती हे कळत नाही. भंगारवाला घेत नाही. मग बांधावर ढीग आणि एका संध्याकाळी काडी. धूर कुणाच्या घरात जातो ते विचारू नका. याचं तेल निघालं तर आम्ही पोचवून देऊ, भाडंसुद्धा मागणार नाही.

रसायनी
डाळिंबकर, तो पेपर मुळात एलएलडीपीई, म्हणजे पॉलिथिनचाच एक प्रकार, तेलाला फार छान. माती हाच अडथळा. माती तापवायला इंधन जातं, तिच्यातून तेलाचा थेंब येत नाही, आणि ती तळाशी काळ्या भुकटीत बसून भांड्याच्या भिंतीला कवच धरते. मग आतपर्यंत उष्णता पोचत नाही. धुवायचा म्हटलं तर पाणी आलं, आणि धुतलेला ओला टाकला तर आधी त्या पाण्याची वाफ करायची.

नवीपेठकर
मला एक कळत नाही. प्लास्टिक कमी वापरा हे कुणी का म्हणत नाही? राज्यात प्लास्टिकबंदी २०१८ ला आली, देशात एकदाच वापरायच्या वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे. मंडईत जा, पिशव्या तशाच. तेल काढून परत जाळायचंच ना? धूर तो धूर.

रसायनी
कमी वापरणं सगळ्यात वरचं, त्यात वादच नाही. पण "धूर तो धूर" नाही. बांधावर पेटवलेला ढीग आणि नीट बर्नरमध्ये जळणारं तेल यात खूप फरक आहे. उघड्यावर अर्धवट जळतं, काजळी आणि विषारी वायू निघतात. कार्बन डायऑक्साइडचं म्हणाल तर हो, शेवटी ते इंधनच, तो सुटणारच.

पार्कचौक
मग सिमेंटवाल्यांना द्या ना. होटगीला एवढा मोठा प्लांट आहे. ऐकलंय की भट्टीत प्लास्टिक टाकतात.

रसायनी
टाकतात, आणि माझ्या मते घाण मिश्र प्लास्टिकला आज तोच सगळ्यात व्यवहार्य रस्ता आहे. सिमेंटच्या भट्टीत माल १४५० अंशांपर्यंत तापतो, राखसुद्धा क्लिंकरमध्ये, म्हणजे सिमेंटच्या भाजलेल्या खड्यांत, मुरते. पण होटगीला क्लिंकर दळायचं काम चालतं, तिथं भट्टी नाही. भट्ट्या आहेत पलीकडे कर्नाटकात, वाडी, मळखेड, सेडमकडे. गाठोडी बांधून ट्रक तिकडे पाठवावे लागतील. आणि क्लोरीन त्यांनाही नकोच असतं, फ्लेक्स भरून पाठवलेत तर ट्रक परत येईल.
दुसरा रस्ता डांबराचा. मदुराईच्या प्रा. राजगोपालन वासुदेवन यांना त्याच कामासाठी २०१८ ला पद्मश्री मिळाली. तापलेल्या खडीवर प्लास्टिकचे तुकडे टाकले की वितळून लेप बसतो, मग डांबर घट्ट धरतं.

कडकभाकरी
आपल्याकडे आधी रस्ता लागेल त्यासाठी.

हुरडा
जरा अवांतर. परवा पुण्याच्या मेव्हण्याला शेंगाची चटणी पाठवायची होती. दुकानदार म्हणाला, कागदात तेल सुटतं, पाऊच घ्या. ते पाऊच आत चांदीसारखं असतं. ते कशात येतं?

रसायनी
बहुपदरी. बाहेर छपाईचा पीईटी, मध्ये अॅल्युमिनियमचा पातळ थर, आत पॉलिथिन. तीन जिनसा एकमेकींना चिकटवलेल्या, वेगळ्या करायच्या म्हटल्या तर होत नाहीत.

कडकभाकरी
चटणी कुठल्या दुकानाची ते सांगा, बाकी पदर नंतर मोजू.

हुरडा
नाव सांगितलं तर धागा तीनशे प्रतिसादांवर जाईल आणि टॉवेलवाल्यांचा प्रश्न तसाच राहील. खलबत्त्यातली आहे, मिक्सरमधली नाही, एवढंच.

बॉयलरमामा
उशिरा आलो. "डायिंगवाले दारात येऊन नेतील" यावर बोलतो, कारण आयुष्य बॉयलरसमोर गेलंय.
मी जिथं जिथं होतो तिथले बहुतेक बॉयलर लाकडावर नाहीतर ब्रिकेटवर (भुसा दाबून केलेल्या कांड्या). तेलावरचे मोजके. एका ठिकाणी असलं प्लास्टिकचं तेल ट्रायलला आलं होतं. ड्रम उघडला तेव्हा मधासारखं दिसत होतं, जळलंही झकास. मालक खूश. उरलेले ड्रम कोपऱ्यात ठेवले. काही आठवड्यांनी उघडले तर तेल काळं पडलेलं, तळाशी डिंकासारखा गाळ. फिल्टर चोंदला, नोझल चोंदलं, ज्योत उड्या मारायला लागली. आणि वास! मेणबत्ती विझवल्यावर येतो ना, तसा, पण घशात बसणारा. घरी गेलो तर बायको म्हणाली शर्ट बाहेर काढून या. नंतर ते तेल अर्ध्या भावात देऊ केलं तरी मालकानं घेतलं नाही.

रसायनी
मामा, त्याचं कारण असं की तुटलेल्या साखळ्यांची टोकं मोकळी, म्हणजे असंतृप्त राहतात. हवेशी गाठ पडली की त्या परत जोडल्या जातात, डिंक होतो. रिफायनरीत हायड्रोजन देऊन हे मिटवतात. शेडमध्ये ते जमणार नाही. म्हणून हे तेल ताजं वापरावं लागतं, आणि याला डिझेल म्हणून विकणं हा सरळ गुन्हा आहे. मोटरसायकलचा व्हिडिओ पाच मिनिटांचा असतो, पंप-इंजेक्टरची वाट महिन्यांनी लागते.

बॉयलरमामा
अजून एक, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. बॅच संपली की रिअॅक्टर थंड व्हायला वेळ लागतो. पुढची बॅच लवकर लावायच्या घाईत लोक दार गरम असतानाच उघडतात. आत गॅस राहिलेला, काळी भुकटी धगधगती, दार उघडलं की हवा आत. भडका थेट तोंडावर. घरच्या कुकरची शिट्टी न काढता झाकण ओढायचा प्रकार, फक्त इथं आत वाफ नसून गॅस असतो. गॅसच्या लाइनीला पाण्याचा सील हवा, म्हणजे ज्योत उलटी आत शिरत नाही. उघडायच्या आधी नायट्रोजन फिरवायला हवा, म्हणजे उरलेला गॅस बाहेर निघतो. मशीनवाल्याच्या कोटेशनमध्ये नायट्रोजन हा शब्द आहे का बघा. नसेल तर कोटेशन घडी करून ठेवा.

टॉवेलवाला
मामा, आत्ताच बघितलं. नाही. "ऑटोमॅटिक सेफ्टी सिस्टीम" असं एका ओळीत लिहिलंय.

लेजर
कागदपत्रांचं कुणी बोललं नाही म्हणून. (मी सीए, हे माझं रोजचं.)
प्रदूषण नियंत्रण मंडळाची आधी स्थापनेची आणि मग चालवण्याची संमती. फॅक्टरी आणि फायरचं वेगळं. आणि सगळे विसरतात ते म्हणजे तेलाचा साठा. पेट्रोलियम कायदा १९३४ चा आहे, परवान्याचं खातं नागपूरचं पेसो, म्हणजे स्फोटक आणि ज्वालाग्राही मालाच्या सुरक्षेचं केंद्राचं खातं. ज्याचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ पेट घेऊ शकते ते) २३ अंशांच्या खाली ते अ वर्ग, म्हणजे पेट्रोलच्या रांगेत. न गाळलेल्या पायरोलिसिस तेलात हलका भाग असतोच, त्यामुळे ते याच वर्गात बसू शकतं. अ वर्गाचं विनापरवाना ३० लिटरच्या वर ठेवता येत नाही, तेही विक्रीसाठी नसेल तर. त्याहून कमी पेटणाऱ्या ब वर्गाला २५०० लिटरपर्यंत सूट आहे, पण कुठलंही भांडं १००० लिटरहून मोठं नको. मशीनवाला म्हणेल "फर्नेस ऑइलसारखंच आहे". त्याच्याकडे लॅबचा फ्लॅश पॉइंटचा रिपोर्ट मागा.
दुसरं, ईपीआर, म्हणजे माल आणणाऱ्या कंपनीवरच त्याच्या कचऱ्याची जबाबदारी. १६ फेब्रुवारी २०२२ च्या नियमांनुसार प्लास्टिक बाजारात आणणाऱ्या कंपन्यांना तेवढं प्लास्टिक मार्गी लावल्याची प्रमाणपत्रं घ्यावी लागतात. तेल काढणं हे त्या नियमांत "रिसायकलिंग" नाही, "अंतिम विल्हेवाट" या खान्यात येतं. तरी त्यातून थोडी कमाई होते, नोंदणी हवी. पण मध्यंतरी लाखांच्या घरात बनावट प्रमाणपत्रं सापडली, तेव्हापासून तपासणी कडक झालीय. प्रत्येक किलोची वजनपावती, बिल, सगळं जुळायला पाहिजे.

उद्योजक_४१३००१
आता बोला. म्हणजे तेल कमी, प्रमाणपत्र जास्त?

लेजर
काही प्लांटचा हिशोब तसाच उभा असतो. निव्वळ तेलावर जो हिशोब जमत नाही तो प्रमाणपत्राच्या भावावर जमवतात, आणि तो भाव तुमच्या हातात नसतो.

तांब्याचीतार
शाळेत विज्ञान शिकवतो. टॉवेलवाला, तुम्हाला एक घरगुती परीक्षा सांगतो. जाडसर तांब्याची तार पकडीत धरून गॅसच्या ज्योतीत लाल करा. तापलेलं टोक प्लास्टिकला टेकवा, थोडं चिकटलं की परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे, म्हणजे बहुधा पीव्हीसी. उघड्या जागेत करा, धूर घेऊ नका. दुसरी परीक्षा पाण्याची : पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलीन तरंगतं, पीईटी आणि पीव्हीसी बुडतं. पोतं आणून बादलीत टाकून बघा.

टॉवेलवाला
मास्तर, तार करून बघितली. घरात चादरींच्या चेनच्या पारदर्शक पिशव्यांचा गठ्ठा होता, आधी तीच टेकवली. ज्योत अशी हिरवीगार झाली की आई आतून ओरडली, काय करायलाय म्हणून. म्हणजे आयुष्यभर आपण चादर ज्या पिशवीत घालून विकली तीच या मशीनला चालत नाही.
मग काल त्या मशीनवाल्याला भावासमोर फोन लावला. विचारलं, व्हिडिओत कुठलं प्लास्टिक होतं? म्हणाला, मिक्स. म्हटलं, आम्ही आमचं पोतं घेऊन येतो, भंगारशेठ देतील तसं, तुमच्या मशीनमध्ये आमच्या डोळ्यांसमोर चालवा, तेल वजनावर मोजू आणि उरलेली काळी भुकटीही वजनावर मोजू. आधी हो म्हणाला. मग म्हणाला मशीन सध्या दुसऱ्या पार्टीकडे गेलंय. मग म्हणाला आधी टोकन भरा.

कडकभाकरी
चप्पल.

उद्योजक_४१३००१
हा माणूस बोगस आहे हे मान्य. तंत्र बोगस नाही, हे माझं म्हणणं कायम.

रसायनी
माझंही तेच म्हणणं आहे. एखाद्या कारखान्यातून रोज एकाच जातीचा, स्वच्छ पण दाण्याला न चालणारा माल निघत असेल आणि त्याच आवारात तेल वापरणारी भट्टी असेल, तर जमू शकतं. गावाचा कचरा आणून शेडमध्ये तेल विकायचं गणित मला तरी बसवता येत नाही.

टॉवेलवाला
भाऊ अजून हिरमुसलेला आहे, पण टोकन भरलं नाही. आता म्हणतो, मग अॅग्लो आणि ग्राइंडर टाकू, दाणा करू. शेठ, त्यात काही अर्थ आहे का? शेडला थ्री-फेज आहे, पाण्याचं मात्र टँकरवर.

भंगारशेठ
पाणी टँकरवर असेल तर धुण्याचं काम घेऊ नका, त्यातच जाल. कोरडा माल धरा : ठिबकच्या नळ्या, पीपीची पोती. नळ्यांचा सीझन बाग काढतात तेव्हा असतो, डाळिंबकरांसारख्या दहा-वीस गावच्या लोकांशी आधी बोलून ठेवा. मशीन नंतर, माल आधी.

डाळिंबकर
नळ्या देऊ की. पण मल्चिंगचं कोण बघणार?

भंगारशेठ
पेपर रानातून काढताना वाळलेल्या मातीतच काढा, ओल्यात नको. दोघांनी दोन टोकांना धरून झटकायचा आणि गुंडाळी करायची, बोळा नाही. गुंडाळी असली तर मी बघून भाव सांगेन, फार मिळणार नाही पण काडी तरी लावावी लागणार नाही. टॉवेलवाला, भावाला घेऊन शनिवारी गोदामावर या, दुपारी दोननंतर. सकाळी गाड्या खाली होतात, बोलायला सवड नसते.